मकावला पहिल्यांदा जाताय? सकाळ जुन्या गल्ल्यांत घालवा, संध्याकाळ कोताईत

हाँगकाँगच्या सहलीत मकाव एका दिवसाची पुरवणी म्हणून मिळतं आणि बहुतेक मराठी मंडळी ते तसंच उरकतात. सकाळी बस किंवा बोट, सेंट पॉल चर्चच्या भिंतीपुढे फोटो, व्हेनिशियन या कॅसिनो-हॉटेलात एक चक्कर, जेवण, परत. टूर कंपनीला हे सोयीचं असतं, आपल्याला नाही. जुनं शहर गर्दी व्हायच्या आत पायी फिरायचं असतं आणि कॅसिनोंचा भाग, म्हणजे कोताई, दिवे लागल्यावर बघायचा असतो. दिवसाची सहल नेमकी या दोन्हींच्या मधल्या उन्हात होते. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की किमान एक, जमलं तर दोन रात्री राहायचं. खालचा सगळा बेत दोन रात्रींच्या हिशेबाने आहे.

जाण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं. पोर्तुगीज इथे १५५७ मध्ये वसले आणि २० डिसेंबर १९९९ रोजी त्यांनी शहर चीनच्या हवाली केलं. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही जवळपास ३८ वर्षं इथे पोर्तुगीज झेंडा होता. शिवाय १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातूनच चालायचा. आज मकाव हा चीनचा विशेष प्रशासकीय प्रदेश आहे. चलन वेगळं, इमिग्रेशन वेगळं, कायदे वेगळे. चीनमध्ये कायदेशीर कॅसिनो असलेली ही एकमेव जागा. जेमतेम ३३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०२४ मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास पाहुणे येऊन गेले. गर्दीबद्दल मी पुढे जे वारंवार बजावणार आहे, ते याच आकड्यापायी.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मकावमध्ये ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. घोटाळा होतो तो हाँगकाँगचा. मुंबईहून जाणारे बहुतेक जण हाँगकाँगला उतरतात, आणि तिथे शहरात शिरायचं तर आपल्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिला प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात. फी नाही, उत्तर साधारणपणे लगेच येतं. नोंदणी सहा महिने चालते आणि प्रत्येक वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं, त्यामुळे मकावहून हाँगकाँगला परतताना तीच पुन्हा चालते. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर न अक्षर जुळवा आणि स्लिपची छापील प्रत जवळ ठेवा. नोंदणी नामंजूर झाली तर व्हिसाचा अर्ज करावा लागतो, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे काम उरका.

मकावमध्ये पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. खिडकीतून एक छोटी छापील चिठ्ठी मिळते, तिच्यावर मुक्कामाची मुदत असते. दुकानाची पावती समजून ती टाकून देऊ नका, पासपोर्टातच ठेवा.

आणि एक. मकावच्या उत्तर टोकाला गोंगबेईची हद्द ओलांडली की पलीकडे झुहाय हे चिनी शहर लागतं. चालत जाता येतं, पण त्याला चीनचा व्हिसा लागतो. मकावचा बिनव्हिसा प्रवेश तिथे कामाचा नाही.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबर हा उत्तम काळ. १ ऑक्टोबरपासूनचा चीनचा सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष कटाक्षाने टाळा. तेव्हा जुन्या शहरातल्या सेनादो चौकात आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला पुढे नेते. नोव्हेंबरात शहराच्या रस्त्यांवर मोटारींची ग्रां प्री शर्यत होते. तिची हौस नसेल तर ते दिवसही सोडा, कारण हॉटेलं महागतात आणि रस्ते बंद असतात. मे ते ऑक्टोबर वादळांचा मोसम. आठ नंबरचा इशारा लागला की बोटी थांबतात, पूल बंद होतात. सप्टेंबर २०१८ मधल्या मांगखुत वादळात तर कॅसिनोही बंद ठेवले होते, आणि या शहरात तसं पहिल्यांदाच घडलं.

आठवड्याचा वारही बघा. शुक्रवार-शनिवारचे हॉटेलचे दर आणि रविवार ते गुरुवारचे दर यांत मोठी तफावत असते. तीच खोली मंगळवारी बघितली की शनिवारचे पैसे डोळ्यांत खुपतात.

हाँगकाँगहून मकाव

दोन मार्ग आहेत. बोट शुंग वानच्या धक्क्यावरून निघते, तासाभरात पोचते आणि भाडं वार आणि वेळेनुसार साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशे हाँगकाँग डॉलर पडतं. दुसरा मार्ग २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या सागरी पुलाचा. त्यावरची शटल बस चोवीस तास चालते, पाऊण तासाच्या आत पलीकडे नेते आणि तिकीट ६५ ते ७० डॉलरच्या घरात आहे. पुलाची हद्द हाँगकाँग विमानतळाला लागून आहे. त्यामुळे विमानातून उतरून थेट मकाव गाठायचं असेल तर बस, आणि हाँगकाँग शहरातून निघायचं असेल तर बोट, असा साधा हिशेब ठेवा.

हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून न जाता विमानतळावरूनच थेट मकावची बोट किंवा बस पकडायचीही सोय आहे. फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून विमानाची वेळ बघून आधीच जुळवणी करा. त्यांच्या तिकिटांचं काउंटर इमिग्रेशनच्या आधी लागतं. एकदा इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडलात की तो रस्ता बंद.

पलीकडे उतरल्यावर टॅक्सीकडे धावू नका. बोटीच्या धक्क्यांवर, पुलाच्या हद्दीवर आणि विमानतळावर मोठ्या कॅसिनोंच्या मोफत बस उभ्या असतात. तुम्ही त्या हॉटेलात उतरणार आहात की नाही, हे कुणी विचारत नाही. शहर बसचं भाडं ६ पटाका (हे मकावचं चलन). सुटे मोजून पेटीत टाकायचे, उरलेले परत मिळत नाहीत.

टॅक्सी केलीच तर हॉटेलचं नाव चिनी लिपीत लिहिलेलं दाखवा. रस्त्यांच्या पाट्या चिनी आणि पोर्तुगीजमध्ये आहेत, पण "रुआ" अमुकतमुक असं तुम्ही म्हटलं तर बहुतेक चालकांना काहीच बोध होत नाही. कँटोनीज ही इथली रोजची भाषा. पोर्तुगीज पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर भेटते, दुकानात क्वचितच.

पैसे, फोन, प्लग

मकावचं चलन पटाका. हाँगकाँग डॉलरला १.०३ पटाका असा बांधलेला दर आहे आणि दोन्हींचा भाव रुपयात अकराच्या आसपास. दुकानदार हाँगकाँग डॉलर सरसकट एकास एक घेतात, म्हणून पटाका मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही. उलट सुटे परत मिळतात ते पटाकांत, आणि ते हाँगकाँगमध्ये चालत नाहीत. व्हॉट्सॲप आणि गूगल इथे विनाअडथळा चालतं, चीनसारखी बंदी नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा लागतो.

पहिली सकाळ: वरून खाली चालत या

२००५ मध्ये युनेस्कोने मकावच्या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हा भाग अडीच-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात सलग चालता येतो. सुरुवात सेंट पॉलपासून करा आणि शेवट आ-मा मंदिरापाशी. उलट गेलात तर सगळ्यात गर्दीची जागा सगळ्यात गर्दीच्या वेळी वाट्याला येते. पायांत न घसरणारे बूट हवेत, कारण जुन्या चौकांतली काळ्या-पांढऱ्या दगडांची फरसबंदी पावसात साबणासारखी होते.

आठच्या सुमाराला सेंट पॉलच्या पायऱ्यांवर पोचा. हे चर्च सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभं राहिलं आणि १८३५ मध्ये जळालं. उरली ती दर्शनी भिंत. लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही जवळ जाऊन मान वर करा. जपानमधून धर्मछळामुळे पळून आलेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक चिनी हातांनी हे कोरीवकाम केलं. म्हणून इथे पोर्तुगीज गलबत आहे, जपानी शेवंती आहे, चिनी सिंह आहेत, आणि अनेक तोंडांच्या सर्पावर पाय देऊन उभी असलेली माता मेरीही आहे. तिच्या बाजूला चिनी अक्षरांत मजकूर कोरलेला आहे. युरोपातल्या कुठल्याही चर्चवर हे सापडणार नाही. भिंतीच्या मागच्या अंगाला चिकटूनच ना-चा देवाचं एवढंसं चिनी मंदिर आहे, १८८८ चं. एकाच चौकटीत दोन्ही दिसतात.

बाकीची चर्च दहाच्या सुमाराला उघडतात. तोवर शेजारच्या मोन्ते किल्ल्यावर चढा. २४ जून १६२२ रोजी डचांनी मकाववर हल्ला केला, तेव्हा इथल्याच एका तोफेच्या गोळ्याने त्यांचा दारूगोळा उडाला असं सांगतात. आज त्या तोफांच्या रोखात ग्रँड लिस्बोआ या कॅसिनो-हॉटेलची कमळासारखी सोनेरी इमारत येते. त्या इमारतीवर गोळा टाकावा असं वाटणारे वास्तुरसिक पुष्कळ भेटतील, मला मात्र ती आवडते. लाजबीज काही न बाळगता भडक आहे.

मग उतरत सेनादो चौकाकडे या. वाटेवरच्या गल्लीत दुकानदार बदामाच्या बिस्किटांचे तुकडे आणि मांसाचे पातळ गोड पापुद्रे हातात देतात. मांस बहुधा डुकराचं किंवा गाईचं असतं. नको असेल तर हात हलवून पुढे चला. बिस्किटं नावाला बदामाची, पीठ मुख्यतः मुगाचं. पारंपरिक बिस्किटात चरबी असू शकते, शाकाहारींनी विचारून घ्यावं. पिवळ्या रंगाचं, हिरव्या झडपांचं सेंट डॉमिनिक चर्च याच वाटेवर आहे. आत जाऊन दोन मिनिटं बसा.

चौक ओलांडून मोठ्या रस्त्यापलीकडे लेआल सेनादो, म्हणजे जुनी नगरपालिका. जिन्यालगतच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेझो फरशा बघायला आत जावंच. इथपर्यंत टूरवाले येतात आणि इथूनच परत फिरतात. मकाव खरं पाहायला मिळतं ते इथून पुढे. चढ चढून सेंट ऑगस्टीन चौकात गेलात की आवाज एकदम कमी होतो. तिथे १८६० चं दोम पेद्रो नाट्यगृह आहे, चीनमधलं पहिलं पाश्चात्त्य धर्तीचं. जवळच सेंट जोसेफ सेमिनरीचं चर्च आहे आणि गोव्याच्या वाचकांनी ते अजिबात चुकवू नये. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, तर त्यांच्या हाताचं एक हाड इथे जपून ठेवलेलं आहे. चीनमध्ये शिरायची आस धरून ते १५५२ मध्ये मकावच्या नैऋत्येच्या शांगछुआन बेटावर वारले.

पुढे सेंट लॉरेन्स चर्च, मग मँडरिन हाउस. झेंग गुआनयिंग या सुधारणावादी लेखक-व्यापाऱ्याच्या घराण्याचा हा चौसोपी वाडा. प्रवेश मोफत, बुधवारी बंद. वाड्यालगत लिलाउचा छोटा चौक, वडाच्या सावलीत बाकं. तिथून खाली एक लांबलचक, कमानींची, जरा मुघल वळणाची इमारत दिसते. ती मूरिश बराकी. मकावच्या पोलिसांना कुमक म्हणून गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी १८७४ मध्ये ती बांधली. आपली माणसं इथे बंदोबस्ताला होती, हे कुठलाही गाइड आपणहून सांगत नाही.

शेवटी आ-मा मंदिर. दर्यावर्दींची देवी, आणि पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं ठिकाण. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठ्या वेटोळ्यांची राख डोक्यावर पडते, तेवढी सांभाळा. दोन मिनिटांवर बार्रा स्थानक आहे. तिथून हलकी मेट्रो थेट तैपा आणि कोताईला जाते. एव्हाना दुपारचे दोन वाजलेले असतात. हॉटेलवर जाऊन झोपा.

संध्याकाळ: कोताई

तैपा आणि कोलोआन ही दोन बेटं. त्यांच्या मधली खाडी भरून जी जमीन केली, ती कोताई. व्हेनिशियन (२००७), पॅरिशियन आणि त्याचा अर्ध्या मापाचा आयफेल टॉवर (२०१६), लंडनर, गॅलेक्सी, झाहा हदीदच्या कार्यालयाचं जाळीदार मॉर्फियस हॉटेल (२०१८), सगळं चालण्याच्या अंतरावर आहे. व्हेनिशियनच्या आतल्या नकली कालव्यांना नाकं मुरडू नका. तिथलं आभाळ दिवसभर संध्याकाळचंच असतं, त्याची मजा म्हणून बघा. विन पॅलेसपुढचे नाचते कारंजे फुकट आणि सुंदर. वातानुकूलन कडक असतं, अंगावर घ्यायला काहीतरी न्या.

टेबलावर बसायचंच असेल तर

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर जसं जेवणखाण धरून प्रवेशाचे पैसे भरावे लागतात, तसं इथे नाही. प्रवेश फुकट, वय २१ पूर्ण हवं. पासपोर्ट जवळ असू द्या, मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते. फोटो काढायला मनाई आहे आणि ती मनापासून पाळली जाते. चहाच्या गाड्या फिरत असतात, दुधाचा चहा आणि पाणी मोफत.

टेबलावर किमान बाजी लिहिलेली असते, ती आधी वाचा. बहुतेक ठिकाणी ती शेकड्यांत असते, गर्दीच्या रात्री चढते. व्यवहार हाँगकाँग डॉलरमध्ये. पैसे डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा, तो मोजून चिप्स सरकवतो.

इथे राज्य बॅकरॅटचं. "प्लेअर" आणि "बँकर" ही नुसती दोन बाजूंची नावं, तुमच्याशी किंवा कॅसिनोशी त्यांचा संबंध नाही. ज्या बाजूची बेरीज ९ च्या जवळ ती जिंकते, दहा आणि चित्रांची पानं शून्य धरायची, बेरजेचा शेवटचा अंक मोजायचा. तिसरं पान कधी द्यायचं ते नियमाने ठरतं, तुम्हाला काही ठरवायचं नसतं. आठ कॅटच्या खेळात कॅसिनोची आघाडी, म्हणजे बाजीतला सरासरी त्याच्या खिशात जाणारा वाटा, बँकरवर १.०६ टक्के (जिंकल्यावर ५ टक्के कमिशन कापून), प्लेअरवर १.२४, आणि "टाय"वर, म्हणजे बरोबरीवर, तब्बल १४.३६ टक्के. टायला हात लावू नका.

१.०६ किरकोळ वाटतं, म्हणून गणित करा. तासाला साठ डाव, दर डावाला ५०० डॉलर, म्हणजे तासाभरात ३०,००० डॉलर टेबलावरून फिरले. त्यावर सरासरी तोटा सव्वातीनशे डॉलरच्या जवळ, म्हणजे साडेतीन हजार रुपये तासाला. ही झाली सरासरी. एखाद्या वाईट तासात याच्या वीसपट जाऊ शकतात.

मी म्हणेन की आधी अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. मोठी बाजी लावलेला गृहस्थ पान एकदम उलटत नाही. दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने वाकवतो, ठिपके दिसतात का बघतो, फुंकर मारतो, मागचे लोक ओरडून त्याला जोर देतात. शेजारच्या पडद्यावर आधीच्या डावांचे लाल-निळे गोळे असतात आणि माणसं त्यांवरून पुढचा डाव ओळखायला बघतात. पुढच्या डावाला त्या गोळ्यांशी काही देणंघेणं नसतं, पण हे तिथे कुणाला सांगायला जाऊ नका.

एक गंमत सांगतो. मकावचे सरकारी नोकर कॅसिनोत खेळू शकत नाहीत, अपवाद चिनी नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांचा. २०१९ अखेरपासून कॅसिनोच्या कर्मचाऱ्यांनाही सुट्टीच्या वेळात तीच मनाई लागू झाली. ज्यांना हा धंदा आतून माहीत, त्यांच्यासाठीच हा नियम आहे, यावरून काय ते समजा. जुगाराच्या उत्पन्नातले सुमारे ४० टक्के सरकारजमा होतात, आणि त्यातूनच कायम रहिवाशांना दरवर्षी रोख वाटप होतं.

जेवढे गेले तरी चालतील तेवढेच रोख न्या, कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवा. कॅसिनोच्या आसपास "चांगला भाव देतो" म्हणत कुणी नोटा बदलायला आला तर ढुंकूनही बघू नका. जुगारासाठी असा बेकायदा चलनबदल २०२४ पासून थेट फौजदारी गुन्हा आहे.

दुसरा दिवस आणि खाणं

सकाळी तैपा गावात. रुआ दो कुन्हा ही खाऊगल्ली अकराच्या आत गाठा, मग पाणथळीकाठची हिरवी पोर्तुगीज घरं बघा. तिथून बसने कोलोआन. इथे मोठे कॅसिनो नाहीत, एक चौक आहे, झेवियरचं छोटं पिवळं चॅपेल आहे आणि समोर पाण्यापलीकडे चीन. लॉर्ड स्टोज बेकरीचा एग टार्ट इथलाच. अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये ही बेकरी काढली. गरम असतानाच खा, उभ्याने.

मिश्र वंशाच्या मकानीज घराण्यांचं जेवण गोव्याच्या माणसाला ओळखीचं लागेल. हळद, नारळ, चिंच सगळं आहे. तिथली बालिशाँव ही कोळंबीची चटणी आपल्या बालचावची जवळची नातेवाईक. खिमा-बटाट्याची मिंची मागवा, आफ्रिकन चिकन मागवा, शेवटी बिस्किटाच्या चुऱ्याची सेरादुरा. शाकाहारींची थोडी पंचाईत होते. भाजीतही ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी असते, म्हणून "मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस नको" हे फोनवर चिनीत लिहून ठेवा. भारतीय हॉटेलं आहेत, दर मात्र चढे.

निघायच्या आदल्या रात्री पटाका मोजा. सुट्टे बसला राखून ठेवा, नोटा बिस्किटांच्या डब्यात खर्च करा. रविवारी दुपारी परतायचं असेल तर बोटीचं तिकीट आदल्या दिवशीच काढा. त्या वेळेला अख्खं हाँगकाँग तुमच्याबरोबरच घरी निघालेलं असतं.